चोळी दंडात अडली

नवरात्र तोंडावर आलं होतं. समोरच्या गुजराती काकींनी दारातूनच हाक मारली, ‘आ वखते गरबा रमवा आववानुं छे, हं!’ आणि मला चक्क गरबा खेळायला जावंसं वाटलं. कित्येक वर्षांत मला जेवणाखेरीज काही हवंसंच वाटलं नव्हतं! समा भागातल्या आमच्या सोसायटीत तेव्हा घरोघर केबल आली होती, आणि मी मनाच्या आजाराच्या गोळ्या घेऊन दिवसभर लोळत होते. कानातले आवाज त्या गोळ्यांनी थांबवले, पण भूक अशी खवळवली की सेव-उसळीचं पातेलं मी एकटी चाटूनपुसून रिकामं करायची.

डॉक्टर सांगून थकले, वजन गोळ्यांमुळे वाढतंय, हिला चालवा, गोड कमी करा. ते आमच्याकडे कोणाच्या गावीही नव्हतं. आमच्या घरात तब्येत म्हणजे अंगावरचं मांस! आई आग्रहानं श्रीखंड वाढायची आणि मांडवीच्या बाजारात भेटेल त्याला सांगायची, ‘औषध अंगी लागलं हो पोरीच्या!’ मला बाळसं धरलेल्या तान्ह्यासारखं मिरवत होते सगळे.

तर मी धावत जाऊन कपाटातून गरब्याची जुनी चणियाचोळी काढली. चोळी दंडातच अडली. ओढली, तर टर्रकन उसवली. माझं डोकंच फिरलं.

‘फुगवलंत तुम्ही मला!’ मी किंचाळले. ‘आजपासून एकही गोळी घेणार नाही. या चोळीत मावेन तेव्हाच घराबाहेर पडेन.’

आई खाली बसली. माझ्या आजाराबद्दल ती माझ्याशी कधीच बोलत नसे. उसवलेली चोळी मांडीवर घेऊन ती म्हणाली, ‘या चोळीत तू मावत होतीस ना, तेव्हा तू मला ओळखत नव्हतीस.’

मी गोळी घेतली. मग रिक्षा करून दोघी लहरीपुऱ्याच्या बाजारात गेलो. भर दुकानात मी सगळ्यात मोठी चणियाचोळी मागितली, ‘सौथी मोटी बतावो!’ आई लाजून चूर झाली. लालभडक, आरशांची, हा एवढा घेर. कसली खूश होते मी!

गरब्याच्या पहिल्याच फेरीत मला धाप लागली. बसले, पाणी प्याले, पुन्हा रिंगणात घुसले. आई कडेला उभी होती. दर फेरीला तिच्यासमोरून जाताना मी मोठ्यानं ओरडायची, ‘आई! आई!’

‘अगं हो, कळलं,’ ती म्हणाली, ‘लोक बघताहेत.’ आणि पदरानं डोळे पुसत राहिली.