डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून

सुगुणाक्काला जाऊन महिना झाला, पण माझा राग काही उतरत नाही. तिला शेवटचं पाहिलं ते अतिदक्षता विभागात. आतड्याची शस्त्रक्रिया झाली होती, जंतुसंसर्ग अंगभर पसरला होता. डॉक्टरांनी वाकून विचारलं, फार दुखतंय का? बाईनं नाही म्हणून मान हलवली. वर त्यांच्याकडे बघून हसली... मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

आम्ही चेन्नईतल्या एकाच शाळेत शिकवायचो. नवऱ्याच्या ओरगडमच्या कारखान्यातल्या नोकरीपायी मी साताऱ्याहून इथं आले, तेव्हा स्टाफरूममध्ये मराठी बोलणारी ही एकटीच. तंजावरकडची, जुन्या वळणाचं मराठी तमिळ हेल काढून बोलणारी. माझं बाळंतपण तिनंच निभावलं. स्वतः एकटी राहायची.

तिला क्रोन्सचा आजार होता. त्यात आतडं सुजतं आणि अन्नाची वाट अरुंद होत जाते. नुसती सूज आहे तोवर औषधानं वाट मोकळी व्हायची आशा असते. एकदा व्रण घट्ट झाला की इंजेक्शनं फारसं काही करू शकत नाहीत. तिला इंजेक्शनं सुरू होती. डॉक्टर तिचा मुलगा शोभावा अशा वयाचे, जीव लावणारे. जेवल्यावर कळ येते का, उलटी होते का, असं दर खेपेला विचारायचे. ही म्हणायची, ‘‘परवाइल्लै’’, म्हणजे ठीक चाललंय. आणि घरी दोन घास खाल्ले की पोट आवळून बसायची! पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशी ही तपासणीच्या आदल्या दिवशी नुसत्या पेजेवर राहून पोट आवरायची. डॉक्टरांना वाटायचं, औषध लागू पडतंय. मग डोस वाढवायचा कशाला, स्कॅनची घाई कशाला? वर्गात पोरांच्या थापा चुटकीसरशी पकडणारी बाई ही!

मी भांडभांड भांडले. तर म्हणाली, ‘‘लेकरू एवढं धडपडतंय गे माझ्यापायी. गुण नाही म्हटलं की तोंड उतरतं त्याचं. कसं सांगू?’’

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पुढच्या खेपेला मी तिच्यासोबत आत घुसले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं तोंड उतरलं. त्यांनी लगेच स्कॅन करायला लावला. सूज केव्हाच मागे पडली होती, वाट व्रणानं आवळली होती. आता कापण्यावाचून इलाज नव्हता. आणि ही घरी येताना माझ्यावरच रुसलेली, का, तर डॉक्टरांना वाईट वाटलं.

परवा शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सुगुणा टीचरनी केवढं सोसलं, पण कधी कुणाला कळू दिलं नाही. आपणही हे शिकायला हवं. समोर मुली बसल्या होत्या, त्या मान डोलवायला लागल्या. मला राहवेना. हे शिकू नका गं पोरींनो, एवढंच सांगायला मी ताडकन उठले.

सगळ्यांना वाटलं, मौनाची वेळ झाली. अख्खं सभागृह उभं राहिलं आणि माना खाली घालून गप्प झालं.