बाजाराच्या दिवशीचं वाचन

१० नोव्हेंबर १९५७, रविवार. वाचनालयाची पुस्तकं अंगणात काढून त्यांना ऊन दाखवायचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. दरवर्षी असायचं. दिवाळी झाली, पावसाची ओल उतरली की कपाटं रिकामी करायची, पुस्तकं शिंदीच्या चटयांवर उघडी पसरायची, पानांतली कसर झटकायची, कपाटाच्या तळाशी कडुलिंबाचा नवा पाला घालायचा आणि खोलीची जमीन सारवून घ्यायची. कार्यकारी मंडळात मी एकटीच बाई. मला का घेतलं, असं कुणी विचारलं तर मी सांगत असे, या कामासाठी. आणि ते फारसं खोटं नव्हतं.

आमचं गाव रेल्वेचं आणि धानाच्या गिरण्यांचं. वाचनालय म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावर एक खोली, पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक कडुलिंब. नागपूरचा पेपर छोट्या गाडीनं एक दिवस शिळा होऊन यायचा. तो रोज वाचणारी माणसं गावात थोडी होती. पण रविवारी बाजार भरायचा, आणि त्या दिवशी आठवड्याचे सगळे पेपर ओसरीवर मोठ्यानं वाचले जायचे. कुरखेड्याच्या बाजूच्या जंगलातल्या गावांची माणसं पहाटे निघून बाजाराला येत. डिंक, मध, आवळे विकून झाले की दुपारी ओसरीवर येऊन बसत. आमच्या मराठीपेक्षा वेगळी भाषा घरी बोलणारीही त्यांत बरीच होती. वाचून झालं की ती उठत आणि बातम्या घेऊन गावाकडे चालू लागत.

वाचणारे आमचे चिटणीस. वाचनालय सुरू झालं तेव्हापासून तेच चिटणीस होते, म्हणून सारं गाव त्यांना चिटणीसभाऊ म्हणायचं. बायको गेलेली, मुलगी सासरी. रविवारी दुपारी ते धुतलेला सदरा घालत आणि खुर्ची ओसरीच्या कडेला ओढून बसत. एक बातमी झाली की चष्मा वर करून विचारत, "पोचलं का?" की समोरच्या सगळ्यांचे हात वर होत. मग दुसरी बातमी. ही पद्धत त्यांनीच पाडलेली होती.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचा आवाज बसत चालला होता. मी पुस्तकं द्यायला आत बसायची, दार उघडं असूनही मला निम्मंच कळायचं. मी त्यांना तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आत असता. बाहेर हात किती वर होतात ते बघा." मी पाहिलं होतं. कुंपणाशी टोपली घेऊन बसलेल्या बायांचेही हात वर व्हायचे. मग मी तो विषय सोडून दिला.

त्याच रविवारी आमची वार्षिक सभा होती. जुने अध्यक्ष गिरणी विकून गोंदियाला मुलीकडे राहायला गेले होते. ते कधी फारसे आलेच नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव कुणाला जाणवली नाही. नवे अध्यक्ष म्हणून एकच नाव पुढे होतं, पेन्शन घेऊन गावी परतलेले एक नायब तहसीलदार. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. माणूस शिस्तीचा, पण वाईट नव्हता. गावातली मॅट्रिकची मुलं रविवारी वाचनालयात येऊन अभ्यास करत, कारण घरी बसायला जागा नसायची. साहेबांचा सगळा जीव त्या मुलांत होता.

सभा नेहमी खोलीत व्हायची. त्या दिवशी खोली नुकती सारवलेली, ओली. म्हणून सभा ओसरीवर घ्यायचं ठरलं, बाजारवाचन झाल्याबरोबर.

वाचन त्या दिवशी रंगलं होतं. रशियानं आभाळात कुत्री सोडल्याची बातमी होती. चिटणीसभाऊंनी ती दोनदा वाचली, मग आपल्या भाषेत सांगितली.

पुढच्या ओळीतला एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, त्या कुत्रीले तिथी भात कोन वाढते?"

"पेपरात लिहिलं नाई."

"अन मंग उतरन कशी?"

"तेही लिहिलं नाई."

"म्हंजे सोडणाऱ्याले मालूम नसन," म्हातारा म्हणाला. "बिचारी."

"पोचलं का?" चिटणीसभाऊंनी विचारलं. सगळे हात वर झाले.

वाचन संपलं. सभासद येऊन ओसरीवर बसले. ऐकणारी माणसं मात्र उठली नाहीत. त्यांना उठा असं कुणी म्हटलं नाही, आणि अजून काहीतरी वाचायचं आहे असं त्यांना वाटलं असणार. मी अंगणात पुस्तकं उलटत होते, एक कान सभेकडे.

साहेबांची निवड झाली, टाळ्या झाल्या. साहेब उठले आणि त्यांनी पहिलाच ठराव मांडला. रविवारचं जाहीर वाचन बंद करावं. मुलांच्या अभ्यासाला अडथळा होतो.

"आणि मी स्पष्ट बोलतो, चिटणीसभाऊ, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमचा आवाज तिसऱ्या ओळीपुढे जात नाही. मागच्यांना काही कळत नाही. मग आतल्यांचा अभ्यास मोडून मिळवायचं काय?"

चिटणीसभाऊ खुर्चीवरून उठले नाहीत. पेपरांची घडी मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाले, "साहेब, मी दर बातमीला विचारतो. हात वर होतात. आत्ता तुमच्यासमोर झाले. ज्या दिवशी होणार नाहीत, त्या दिवशी मी स्वतःच खुर्ची उचलीन."

सभासदांतली चार डोकी हलली. चिटणीसभाऊंचं म्हणणं बिनतोड होतं. मला वाटलं ठराव पडणार, आणि पडला तरी चालेल असंही वाटलं. रविवारची दुपार गेली असती तर त्या माणसाकडे उरलेल्या आठवड्यात काही नव्हतं. हे साऱ्या गावाला माहीत होतं.

साहेबांनी ठराव पुन्हा एकदा वाचला, त्यांच्या कचेरीच्या मराठीत, लांबलचक. आणि शेवटी म्हणाले, "तरी सदर ठराव मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत."

ओसरीवर सभासदांचे थोडे हात वर झाले. आणि त्यांच्यामागे, ओसरीच्या पायऱ्यांपासून कुंपणापर्यंत, बाजारची सगळी माणसं बसली होती त्यांचे सगळे हात वर झाले. कुत्रीची काळजी करणाऱ्या म्हाताऱ्याचाही. कुंपणाशी शिंगाड्यांची टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीचाही. तिची तर साहेबांकडे पाठ होती. ती टोपलीवरचं फडकं नीट करत होती. शेजारच्यांचे हात वर गेले, तसा तिचाही गेला.

कापडदुकानदार सभासद होते, ते खो खो हसले. "घ्या! आपल्याच हातानं आपलंच वाचन बंद केलं ह्यायनं!"

बाकीचेही हसायला लागले. बाजारची माणसंसुद्धा हसली, सगळे हसताहेत म्हणून.

चिटणीसभाऊ हसले नाहीत. ते उठले, पायऱ्या उतरले, पसरलेल्या पुस्तकांच्या मधून वाट काढत कुंपणाशी गेले. मी तिथेच होते.

"बाई," ते त्या म्हातारीला म्हणाले, "साहेब आत्ता काय बोलले?"

"काही समजलं नाई भाऊ."

"अन मी त्याच्या आधी वाचलं ते?"

म्हातारी ओशाळली. "ते बी इथवर येत नाई."

"कधीपासून?"

"लय दिस झाले. दोन पावसाळे झाले असन."

"मंग हात काऊन वर करता?"

"तुमी इचारता ना भाऊ," ती म्हणाली. "इतक्या मायेनं इचारता. तोंडावर नाई कसं म्हनाव?"

चिटणीसभाऊ एक पाऊल मागे सरले. त्यांचा पाय एका उघड्या पुस्तकाच्या कडेवर पडला होता. मी पुस्तक ओढून घेतलं.

म्हातारीला वाटलं, ते रागावले. ती घाईनं म्हणाली, "पन बातमी समजते आमाले. समोर बसते ना, ते वाटेत सांगत जाते. रस्ता लंबा हाय. कुरखेड्यापतोर समदी होते."

"मग इथी बसता कशाले? सरळ वाटेलाच लागायचं."

"वाचनाले बसाव लागते," ती म्हणाली, जणू हे विचारण्यासारखंच नव्हतं.

एवढ्यात साहेबही पायऱ्या उतरून आले होते. त्यांनी हे सगळं ऐकलं. ठराव मंजूर झाला असं ते म्हणू शकले असते. सभासदांचे हात नीट मोजले असते तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण त्यांनी मोजायला सांगितलं नाही. त्यांचा चेहरा पडला होता.

"मला ही माणसं हाकलायची नाहीत," ते मला म्हणाले, मीच अडवल्यासारखं. "मला फक्त मुलांना शांतता हवी आहे."

"ठराव लिहून घ्या साहेब," चिटणीसभाऊ म्हणाले. "मी म्हटलं होतं, खुर्ची उचलीन. उचलतो. आजपासून मी चिटणीस नाही."

ऊन कलायला लागलं होतं आणि माझी पुस्तकं अजून बाहेर होती. अशा वेळी माणसं नुसती उभी राहतात, आणि मला उभं राहणं परवडत नव्हतं.

मी म्हणाले, "साहेब, वाचन ओसरीवर नको, अंगणाच्या टोकाला कडुलिंबाखाली होऊ द्या. खोलीचं दार लावून घेतलं की मुलांना त्रास नाही. पुस्तकं आत घेऊ लागा आता, दव पडेल."

"झाडाखाली उघड्यावर?" साहेब म्हणाले. "तिथे वाचायला चिटणीसभाऊंपेक्षा मोठा आवाज लागेल. आणणार कुठून?"

कापडदुकानदारांनी माझ्याकडे बोट केलं. "हे काय उभ्या! परवा बाईनं शाळेत माझ्या पोरीले झापलं. मी दुकानात धोतरजोडी फाडून राह्यलो होतो, उभाच राह्यलो. वाटलं, मलेच."

मुलींच्या शाळेत मी शिकवत होते, हे खरं. आवाजाबद्दल कुणी कधी चांगलं बोललं नव्हतं.

एक वयस्कर सभासद म्हणाले, "बाईमाणूस? बाजाराच्या दिवशी, चारचौघांत ओरडून वाचणार? बरं दिसन का ते?"

याचं उत्तर शिंगाडेवालीनं दिलं. या वेळी तिला सगळं ऐकू आलं होतं. "काऊन जी? आमी बायाच हावो. ओरडल्याशिवाय बाजारात शिंगाडा इकते का कधी?"

साहेबांनी जुना ठराव मागे घेतला आणि नवा मांडला. वाचन कडुलिंबाखाली, आणि चिटणीस म्हणून माझं नाव. हात वर करायची वेळ आली तेव्हा ते बाजारच्या माणसांकडे वळून म्हणाले, "आता फक्त सभासदांनी." तरी थोडे जास्तीचे हात वर गेलेच.

मग सगळ्यांनी मिळून पुस्तकं आत नेली. साहेबांनीही धोतर खोचून दोन गठ्ठे उचलले. म्हाताऱ्यानं कपाटात पाला घातला आणि जाताना मला विचारलं, "पुढल्या बाजारी त्या कुत्रीचं सांगसान ना?" मी सांगेन म्हटलं.

चिटणीसभाऊ शेवटपर्यंत थांबले. कुलूप त्यांनीच लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. स्टेशनच्या रस्त्यानं आम्ही थोडं बरोबर चाललो.

"तुम्ही मला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं."

"दोन वर्षं ही माणसं न ऐकू येणारं ऐकत बसली, बाई. का?"

"ते त्यांनाच विचारा," मी म्हणाले. "सावली असेल, बसायला जागा असेल. पुढच्यांना ऐकू येत होतं, ते पुढे सांगत होते. बातमी पोचत होतीच. तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका. आणि रविवारी या. कुत्रीला भात कोण देतो असलं विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. मी वाचीन, बोलायचं तुम्ही. जवळच्यांशी बोलायला आहे तो आवाज पुरे."

वळणावर थांबून ते एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही 'पोचलं का' असं विचारू नका. त्याला हात वरच होतो. काय वाचलं, ते विचारा."

घरी यजमान गारढोण भात घेऊन बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आता रविवारीही." मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी मी स्टेशनवर गेले आणि पेपर घेतला. चिटणीसभाऊ सवयीनं तिथे आलेच होते. त्यांना घेऊन वाचनालयाच्या अंगणात गेले, कुंपणाशी शिंगाडेवाली बसली होती तिथे त्यांना बसवलं आणि बजावलं, ऐकू आलं नाही तर हात अजिबात वर करायचा नाही, माझ्यावर कितीही माया असली तरी. मग कडुलिंबाखाली उभी राहून पहिली बातमी वाचली. त्यांचे दोन्ही हात मांडीवरच होते. मी पदर खोचला, घसा साफ केला आणि तीच बातमी पहिल्यापासून पुन्हा वाचली.