हमालाच्या पोरीनं नाकारलेली नोकरी
माझा बाप सांगलीच्या यार्डात हळदीची पोती वाहायचा आणि आई तीच हळद निवडायची. आमच्या उशा पिवळ्या, वह्यांच्या कडा पिवळ्या. आईला दोन लुगडी. एक अंगावर, एक दोरीवर. भाकरी असायची, सोबत कालवण असेलच असं नाही. सैन्यातून निवृत्त झालेल्या मामांनी मला साताऱ्यात ठेवून घेतलं, म्हणून मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली. कौतुकासाठी नाही, हक्कानं सांगते.

पुढं साताऱ्यातच एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले. दुपारी क्लास रिकामा, तेव्हा तिथल्याच मशीनवर खेळ बनवायचे. माझ्या खेळात शर्यतीचे बैल पळायचे. एकेक बैल आधी आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून काढायचा, मग मशीनमध्ये उतरवायचा.

मामांनी ते कागद बघितले. "बैलं पळवायला पदवी लागती व्हय गं?" म्हणाले, आणि एका पतसंस्थेत कारकुनीसाठी शब्द टाकून आले. बापानं मुदत दिली. "दिवाळीपतूर सोताचं एक तरी गिऱ्हाईक आण. न्हाईतर मुकाट नोकरी धर."

गिऱ्हाईक मिळालं ते यार्डातच. बाप ज्यांची पोती वाहायचा, त्या अडत्यांना हळद परदेशी पाठवायची होती, म्हणून वेबसाइट हवी होती. मी ती क्लासातल्या मशीनवर बनवली आणि फ्लॉपीत घालून आणली. खंडेनवमीला दाखवायची ठरली, पसंत पडली तरच काम माझं.

पेढीवर तराजू, हमालांचे हुक आणि नवा कॉम्प्युटर ओळीनं मांडून सगळ्यांना हार घातलेले. मी साइट उघडणार, एवढ्यात अडत्यांनी नारळ टेबलाच्या कडेवरच फोडला. पाणी थेट कीबोर्डात. एकही बटण चालेना.

"झाला का अपशकुन!" मुनीम म्हणाले. "हमालाच्या पोरीचं काम हाय का हे?"

बाप दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. ते मला सोसलं नाही.

"आवं काका, पाणी तुमच्या नारळाचं, आन् अपशकुन माझा व्हय?"

कीबोर्ड काढून पालथा घातला आणि माउस धरला. खेळातले बैल मी माउसवरच पळवत आले होते, बोटांना सवय होती. पहिलं पान उघडलं, हळदीचे ढीग दिसले. मग दुसरं, मग तिसरं.

"कीबोर्ड लागतच न्हाई म्हणा की!" अडते म्हणाले.

"बघायला नाही लागत. बनवायला लागतो. आणि बनवून झालंय."

अडते मोठ्यांदा हसले. काम मला दिलं.

बाप सरळ कोपऱ्यावरच्या फोन बूथवर गेला आणि रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मामांना म्हणाला, "पाव्हणं, त्या पतसंस्थेला सांगा, पोरगी येत न्हाई!"

मी गेले नाही. नव्वदचं दशक संपायच्या आत आणखी चार व्यापाऱ्यांच्या साइट केल्या आणि कॉम्प्युटरचे खेळ काढणाऱ्या पुण्यातल्या एका प्रकाशकानं माझे दोन खेळ विकत घेतले. तेव्हापासून मी स्वतःच्या नावानं काम करते.