पलीकडच्या काठावर अडकलेला रेफरी

नॉर्वेला फिरायला जाणार असाल तर जूनमध्ये जा. मी ऑक्टोबरात गेले, कारण आईने पाठवलं. माझा धाकटा भाऊ विनय आठ वर्षं तिथल्या एका खाडीकाठच्या गावात इंजिनिअर आहे. त्याला बंगळूरला हेब्बाळमधल्या एका कंपनीची नोकरी चालून आली होती, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. आई दर शनिवारी संध्याकाळी त्याला फोन करायची आणि हा पठ्ठ्या फक्त फुटबॉलबद्दल बोलायचा.

"त्याला स्वल्प समजावून बघ," आई म्हणाली. "हो म्हणवूनच ये."

"सरी, बघते," म्हटलं आणि बॅगेत दोन किलो चटणीपुडी कोंबली.

बंगळूरहून बर्गनपर्यंत दोनदा विमान बदलावं लागलं. पुढे अडीच तास बस आणि वीस मिनिटं फेरीबोट. पायी चढणाऱ्याला बोटीचं तिकीट पडलं नाही, पण बोटीवरच्या कॉफीच्या किमतीत आपल्याकडे दोघं पोटभर जेवतील. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. पाणी आत न शिरणारे बूट मात्र इथूनच घेऊन जा.

विनय कारीच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो. कारी साठीची, गावच्या क्लबचं कँटीन सांभाळते आणि तिचा मुलगा लार्स संघात बचावपटू आहे. क्लब पाचव्या विभागातला, म्हणजे जवळजवळ तळातला. खेळणारे सगळे मास्तर, इलेक्ट्रिशियन, मासेमारीवाले. पगार कुणालाच नाही आणि कामं वाटून घ्यायची. वॅफल कोण करणार, झाडू कोण मारणार, याची यादी क्लबच्या दारावर लागते. विनय तिथे लहान मुलांच्या सामन्यांना रेफरी असतो. त्याची रीतसर परीक्षा त्याने दिली आहे.

एप्रिलमध्ये सुरू झालेल्या मोठ्यांच्या हंगामाचा शेवटचा सामना शनिवारी होता. विभागात टिकायला गावाला बरोबरी पुरत होती. पाहुण्या संघाला जिंकणंच भाग होतं, नाहीतर तेच खालच्या विभागात जाणार होते. "आम्ही खाली गेलो तर पोरं शहरातल्या क्लबकडे जातील," कारी मला वॅफल वाढता वाढता म्हणाली. "मग इथे संघच उरणार नाही."

"आणि नोकरीचं काय?" मी विनयला विचारलं.

"शनिवार होऊ दे, अक्का."

शनिवारी सकाळी असा वारा सुटला की फेरी बंद झाली. पाहुणे डोंगराकडच्या लांबच्या रस्त्याने आधीच पोचले होते, पण रेफरी पलीकडच्या काठावर अडकला. अशा वेळी दोन्ही संघांना चालेल असा माणूस उभा करता येतो. पाहुण्यांचा कप्तान विनयकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. काय म्हणाला, विचारलं, तर विनय बुटाची नाडी बांधत म्हणाला, "म्हणतो, हा चालेल. हा काही खरा इथला नाही."

माझं डोकंच फिरलं. गावातल्या एकानेही 'तो आमचाच आहे' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सामनाच झाला नसता, हे मला नंतर सुचलं.

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. मी कारीच्या शेजारी उभी होते. पाहुण्यांनी चेंडू गोलसमोर मारला, लार्सने उडी घेतली आणि चेंडू त्याच्या लांबवलेल्या हाताला लागला. मी महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, चुका शोधण्याचाच पगार घेते. मला स्वच्छ दिसलं. विनयला दिसू नये, असं मला मनापासून वाटलं. त्याची शिट्टी वाजली. पेनल्टी.

कुणी ओरडलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. लार्स आपल्या हाताकडे बघत राहिला. गोल झाला, सामना संपला, गाव खाली गेलं. माणसं गाड्यांकडे गेली. कारीने कँटीनची खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी ती जिन्यात भेटली आणि मान वळवून निघून गेली. विनय वर पावावर तपकिरी चीज आणि चटणीपुडी घालून खात होता.

"हेब्बाळला हो म्हणून टाक," मी म्हणाले. "आता इथे कोण बोलणार तुझ्याशी?"

"दिसलं ते दिलं, अक्का. तुलाही दिसलं ना?"

"दिसलं," मी म्हणाले.

रविवारी वारा पडला. मला अकराच्या फेरीला सोडायला जाताना विनय शिट्टी परत ठेवायला क्लबवर थांबला. दारावर नवी यादी होती, कारीच्या मोठ्या अक्षरात. येता शनिवार, मुलांचे सामने, वॅफल: कारी, विनय. आत लार्स झाडत होता. त्याने विनयकडे बघून मान डोलावली आणि पुन्हा झाडू लागला. विनय ती एवढीशी ओळ इतका वेळ वाचत राहिला की माझी बोट चुकायची वेळ आली. मग त्याने तिचा फोटो काढून मला पाठवला.

"आईला काय सांगू?" धक्क्यावर मी विचारलं.

"फोटो दाखव."

घरी आईने चष्मा लावून फोटो मोठा केला. "यात नोकरीचं कुठे आहे?"

"नाहीये, आई."

तिचा चेहरा पडला. तिने एकेक नाव अक्षर लावून वाचलं. "याचं आडनाव नाही लिहिलं?"

"तिथे लागत नाही. सगळे ओळखतात त्याला."

मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. आई दोन दिवस माझ्याशी तुटकच बोलली. शनिवारी संध्याकाळी मात्र तिने नेहमीसारखा फोन हातात घेतला, घड्याळाकडे बघितलं, बोटांवर तिकडची वेळ मोजली आणि फोन खाली ठेवला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "त्याचे हात पिठात असतील."