सहा पोती जर्सी

नवऱ्याला हे मी सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय मी टाळते – दुसरंच काहीतरी मागते आणि उठते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

भिवंडीजवळ काल्हेरला हेमावहिनींचं शिलाईचं युनिट होतं. घरामागे पत्र्याची शेड, तिच्यात बारा मशिनी. वहिनी माझ्या नात्यातल्या नव्हेत, पण सगळं गावच त्यांना वहिनी म्हणायचं. त्यांचा धाकटा दीर सदानंद कापड कापायचा, आम्ही बायका शिवायचो. मी शेजारच्या वळ गावाहून यायचे. माझ्या शेजारच्या मशीनवर झुबेदा बसायची, भिवंडीची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो.

मुंबईतल्या एका मोठ्या फुटबॉल टीमच्या जर्सी आम्ही शिवत होतो. जांभळ्या, पिवळ्या कॉलरच्या. खेळाडूंच्या वेगळ्या यायच्या. आमच्या असायच्या बघायला येणाऱ्या लोकांसाठी. मैदानाबाहेर कुणीही विकायचं. माझ्या हातची जर्सी घालून कुठला तरी मुलगा ओरडत असेल – हे मनात आलं की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी तीन जर्सी कमी भरल्या.

वहिनींनी कुणाला काही विचारलं नाही. सरळ माझ्याकडे आल्या. माझी पिशवी जमिनीवर उलटी केली. डबा उघडला, पोळीभाजीखाली बोटं घालून पाहिलं. मग म्हणाल्या, "पदर झटक." शेडमध्ये सगळ्या बायका होत्या. दारात टेम्पोवाला आणि त्याचे दोन हमाल उभे होते, बिडी ओढत. मी पदर झटकला. "अजून," वहिनी म्हणाल्या. झुबेदा मध्ये पडली, "वहिनी, ही तसली न्हाय." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मीच का? बाकी अकरा जणी होत्या. हे मी आजही विचारते.

संध्याकाळी त्या तीन जर्सी सदानंदच्या टेबलाखाली सापडल्या, कातरणाच्या ढिगात. वहिनींनी मला चहा पाठवला. एवढंच. एक शब्द नाही. तो चहा मी प्यायले – आणि त्याचाच राग सगळ्यात जास्त आहे. मी तो प्यायले.

महिनाभरात मी काम सोडलं.

पुढे वर्षभराने त्या टीमच्या मालकांनी ठरवलं की जर्सी, टोप्या, झेंडे – टीमच्या नावाचं जे काही विकलं जाईल ते आता आपण स्वतःच विकायचं. बाजारात नकली माल फार झाला होता. काल्हेरलाच त्यांनी गोडाऊन घेतलं. तिथून निघालेला माल तेवढा खरा. प्रत्येक जर्सीच्या कॉलरमध्ये एक चमकता स्टिकर. तपासणीला त्यांना शिलाई कळणारी बाई हवी होती. ती नोकरी मला मिळाली. मॅनेजर साहेब बाहेरगावचे, भला माणूस. म्हणाले, "रंजनाताई, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. तुमचा शब्द शेवटचा."

जुन्या शिवणाऱ्यांना एक सवलत होती. पूर्वीच्या ऑर्डरचा उरलेला माल त्यांनी आणून दाखवायचा. खरा असेल तर टीमवाले स्टिकर लावून ठेवून घेणार, आणि पुढचं कामही देणार. नकली निघाला तर तिथल्या तिथे कापणार, आणि त्या माणसाचं नाव कायमचं बंद.

हे ऐकलं त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. कुणाची, हे तुम्ही ओळखलं असेल.

त्या आल्या. भर दुपारी, टेम्पोतून, सहा पोती घेऊन. बरोबर झुबेदा होती, माल उतरवायला. मला टेबलामागे बसलेली पाहून वहिनींचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "अगो रंजू, तू हायस व्हय इथं! बरा झाला."

मी पहिलं पोतं सोडलं. एक जर्सी उलटी केली आणि बगलेचा जोड पाहिला. तिथे मी टीप तीनदा मागेपुढे फिरवते, बाकीच्या बायका दोनदा. तीनदाच फिरवलेली होती. दुसरी काढली – तीही माझीच. तिसरी झुबेदाची. तिची टीप किंचित डावीकडे झुकते.

माल खरा होता. शंभर टक्के खरा. मला पहिल्याच जर्सीला कळलं होतं.

मी म्हणाले, "हा माल आपला नाही."

वहिनींना आधी नीट ऐकूच आलं नसावं. मग हसल्या. "गंमत करतेस व्हय? नीट बग. ह्यो तूच शिवलास."

"मी नाही शिवलेला."

झुबेदा पुढे आली. जोडावर बोट ठेवून म्हणाली, "रंजू, तुझा टाका मी डोळे मिटून ओळखीन."

साहेब माझ्याकडे बघत होते. तेव्हा तरी मला थांबता आलं असतं ना? नीट पाहिलं नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी म्हणाले, "साहेब, ही त्यांच्याकडेच कामाला आहे. ही असंच बोलणार." जी एकटी माझ्यासाठी मध्ये पडली होती, तिला मी खोटारडी ठरवलं. तिने बोट उचललं आणि मागे सरकली.

साहेब वहिनींना म्हणाले, "जिने शिवला म्हणता, तीच नाही म्हणतेय. आता मी काय करू?"

मग मी सहाही पोती ओतायला लावली. गरज नव्हती. "एकेक झटकून दाखवा," मी वहिनींना म्हणाले. गोडाऊनचे हमाल जमले होते. वहिनी वाकून एकेक जर्सी झटकत होत्या, मी "अजून" म्हणत होते. शेवटी मी त्यांची पर्सही उघडायला लावली – म्हटलं, खोटी लेबलं असतील. रुमाल निघाला, देवीचा फोटो निघाला, खोकल्याच्या गोळ्या निघाल्या.

कापायचं काम हमालांचं होतं. कात्री मी मागून घेतली. तासभर कापत होते. बोटाला फोड आला. मला कसं वाटलं सांगू? गोड वाटलं. त्या दिवसाइतकी गाढ झोप मला त्यानंतर लागलेली नाही.

वहिनी नकली माल शिवतात, हे आठवड्यात सगळीकडे झालं. त्यांना कुणीच काम देईना. मशिनी विकल्या. झुबेदा लूमच्या कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरायला लागली, उभ्याने, सुताच्या धुळीत. पुढे तिला दमा झाला. एकदा भिवंडीत तीन बत्तीच्या नाक्यावर समोरासमोर आलो. मी हाक मारली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेली.

तीन-चार वर्षांनी काल्हेरला एका हळदीला वहिनी भेटल्या. मी चुकवत होते, त्याच येऊन शेजारी बसल्या. केस सगळे पिकलेले. म्हणाल्या, "त्या दिवसाचा मनात ठेवू नकोस गो. तुजी काय चूक? तू तुजा काम केलास. मी लय इचार केला. तू न्हाय म्हंतेस म्हंजे न्हायच. कापड सदानंदच्या हातात असायचा. त्यानंच माल बदलला." सदानंदला त्यांनी घराबाहेर काढलं होतं. तो बायकापोरं घेऊन सासुरवाडीला राहत होता. रडला, शपथा घेतल्या, पण वहिनींनी ऐकलं नाही.

मी विचारलं, "वहिनी, माझी पिशवी उलटी केली होती तुम्ही, आठवतं?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, मी बघत होते. "कंदी गो?"

त्यांना आठवतच नव्हतं. मी जिचा सूड घेतला तिला सूड घेतलाय हेच कळलं नव्हतं! खरं काय ते ओठांवर आलं होतं – सदानंदची दया येऊन नाही. तिला कळावं म्हणून, मी केलं, आणि का केलं. तेवढ्यात कुणीतरी ताटं आणली. मी बोलले असते तर सदानंद त्याच रात्री घरी आला असता. हे मला तेव्हाही समजत होतं.

वहिनींनी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात घातली. "खा," म्हणाल्या, "बारीक झालीस."

मी जेवले. पोटभर जेवले.