भिंतीवरचे तारामासे

दिवसभर लोकांच्या घरात शिडीवर उभं राहिलं, की रंगासोबत किस्सेही अंगावर उडतात. रंग आंघोळीनं जातो, किस्से जात नाहीत! आम्ही तिघं: उस्ताद मारोतीकाका, सलीमभाई आणि मी. औंढ्यापासून वसमतपर्यंत भिंतींवर चित्रं काढतो. म्हणजे ते दोघं काढतात, मी पॉलिशपेपर घासतो. एक भिंत एकट्यानं रंगवायची, एवढीच माझी इच्छा होती.

सध्या सगळ्यांना समुद्र पाहिजे आणि समुद्रात तारामासा पाहिजेच. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही!

*

औंढ्याच्या लेकरांच्या डॉक्टरांनी मोबाइलवर तारामासा दाखवला.

"याचे डोळे कुठं असतात साहेब?" काकांनी विचारलं.

"टोकांना."

काकांनी पाचही टोकांना मोठे डोळे काढले, पापण्यांसकट! दुसऱ्या दिवशी लेकरं सुईच्या आधीच रडू लागली.

*

बंजारा तांड्यावरच्या अंगणवाडीत आरसेकामाची ओढणी घेतलेली एक आजी सलीमभाईंचा लाल तारामासा न्याहाळत होती.

"काहून रे, मधी काच न्हाई लावली?"

"आजी, मासा आहे तो."

"असंना! एवढं ओढणीवाणी भरलं अन् काच न्हाई?"

जुन्या ओढणीच्या काचा उसवून तिनं त्या स्वतः चिकटवून घेतल्या. आता लेकरं माशात बघून भांग पाडतात!

*

जवळा बाजारला एका आबांच्या ओसरीत तारामासा काढला, तर ते भडकले. "मला पोरं चार. हे पाचवं टोक कुणाचं? उद्या हिस्सा मागायला येईल!"

सलीमभाईंनी पाचवं टोक गुपचूप वाळूत गाडलं.

*

मग वसमतच्या शेठजींचं काम आलं. त्यांची सून मालवणकडची. घरात आल्यापासून हसली नव्हती, म्हणून तिच्या खोलीत समुद्र पाहिजे होता. काका म्हणाले, "ही भिंत तुझी. बिघडवली तर जिंदगीभर पेपरच घास!"

खाली पलंग येणार, तारामासे झाकले जाणार. म्हणून मी ते लाटांच्या बरेच वर काढले, पार पंख्यापर्यंत.

सून आली. कितीतरी वेळ बघत राहिली.

"दादा, हे वर कुठं निघालेत?"

"उडत... उडत नसतात का, वहिनी?"

ती हसायला लागली ती खाली फरशीवरच बसली. आवाज ऐकून शेठजी पूजा अर्धी सोडून धावत आले.

काका हात जोडून म्हणाले, "माफ करा शेठ, पोरगं चुकलं. मासे आत्ता खाली घेतो."

"खबरदार!" शेठजी ओरडले. "एक बी मासा खाली आला न्हाई पाहिजे! अन् हॉलची भिंत बी याच पोराला द्या!"