मिस्टर तान यांचं "फाइन, नेक्स्ट"

किस्से आम्ही गोळा करत नाही. सिंगापूरचे चिनी वंशाचे मिस्टर तान आणि नायजेरियातल्या लागोसहून आलेल्या अडेओला मॅडम, हे आमचे दोन बॉस, एकाच खोलीत बसतात. सिंगापूर बंदरालगतच्या हार्बरफ्रंटच्या आमच्या शिपिंग ऑफिसात किस्से आपोआप साचतात!

मी लंडनहून मॅनेजमेंट शिकून घरी, सिंगापूरला परतले, तेव्हा कंपनीने काम दिलं, "सहा महिने दोघांना बघ. कुणाची पद्धत चांगली, ते लिहून दे. पुढे ऑफिस तो एकच बॉस चालवेल." म्हणजे दुसऱ्याला जावं लागणार. मी उत्साहाने कागदावर दोन रकाने आखले.

*

सकाळच्या मीटिंगमध्ये मॅडम आधी प्रत्येकाच्या घरचं विचारायच्या. वीस मिनिटं! तोवर मिस्टर तानांच्या पेनाची टेबलावर टकटक.

"मिस्टर तान, तुमची आई पडली होती ना? आता कशी आहे?"

"फाइन. नेक्स्ट."

रोज हेच!

*

आमच्या ऑफिसातल्या निखिलने एका कंटेनरच्या कागदांवर चुकीच्या बंदराचं नाव टाकलं. मॅडम सगळ्यांसमोर कडाडल्या, "आईने हेच शिकवलं का तुला?" आणि दुपारी त्यालाच शेजारी बसवून आपल्या डब्यातला भात वाढला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तीच चूक. मिस्टर तान चकार शब्द बोलले नाहीत. स्वतः बसून कागद दुरुस्त केले आणि सकाळी निखिलच्या टेबलावर गरम कोपी, म्हणजे इथली कॉफी, ठेवली.

निखिल मला म्हणाला, "मॅडमचं ओरडणं परवडलं गं. ही कोपी घशाखाली उतरत नाहीये!"

*

सेरंगूनच्या घरी मी बाबांना तावातावाने सांगत होते, "चिनी पद्धत म्हणजे शिस्त आणि आफ्रिकन पद्धत म्हणजे माणुसकी!"

बाबांचा जन्म जहाजावर इंजिनियरकी करण्यात गेला. म्हणाले, "चिनी बॉस किती पाहिलेस?"

"एक."

"आणि आफ्रिकन?"

"...एक."

"छान! लिही मग रिपोर्ट."

*

लिहिलासुद्धा. फक्त शेवटी दोघांपैकी एकाचं नाव टाकायचं राहिलं होतं. रिपोर्ट द्यायच्या दिवशी सकाळच्या मीटिंगला मॅडम यादी घेऊनच आल्या. गप्पांत वेळ जातो, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"आज थेट काम," म्हणत त्यांनी जहाजांची नावं वाचायला घेतली.

मिस्टर तानांनी लॅपटॉप उघडलाच नाही. पेनही गप्प.

"काही प्रॉब्लेम, मिस्टर तान?"

"आज तुम्ही विचारलं नाही."

"काय?"

"आईचं." ते टेबलाकडेच बघत होते. "काल ती चार पावलं चालली."